पाच तळ्यांची वाट

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटलीच्या सीमेलगत झेरमाट नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून ते १६०० मीटरच्या थोडं वर येतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातली सर्वांत उंच जमीन जिथे संपते, साधारण त्याच उंचीवर इथे बाजार भरतो आणि मुलं शाळेत जातात. गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना बंदी आहे. गाडीनं आलेल्या माणसाला ती पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावी ठेवून रेल्वेनं पुढे यावं लागतं. स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं की घरांच्या छपरांवर मॅटरहॉर्न उभा दिसतो. उंची ४४७८ मीटर, चारी बाजूंनी तासलेला, आसपासच्या शिखरांपासून अलग.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहलींत आता झेरमाटही असतं. सकाळी यायचं, दातेरी रुळांच्या गाडीनं गोर्नरग्राट या डोंगरधारेवर जायचं, मॅटरहॉर्नसमोर फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचं, असा तो बेत. या बेतात आणखी एक दिवस घालावा आणि तो पायी घालवावा असं मी आग्रहानं सांगेन. त्यासाठी गिर्यारोहक असण्याची गरज नाही. गावाच्या वर, फिंडेल्न नावाच्या खोऱ्याच्या दोन्ही कडांना मिळून पाच तळी आहेत आणि त्यांना जोडणारी एक वाट आहे. साडेनऊ किलोमीटरच्या आसपास लांबी, चालण्याचे सुमारे अडीच तास. एकंदर उतार साडेचारशे मीटरांचा, चढ जेमतेम पावणेदोनशे मीटरांचा. सिंहगड पायी चढणाऱ्याला हा आकडा वाचून हायसं वाटेल. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ याच्या तिप्पट तरी भरतो.

चढ इतका कमी, कारण खरी उंची यंत्रं गाठून देतात. झेरमाटमधून डोंगराच्या पोटातून जाणारी एक केबल-रेल्वे आहे, १९८० सालापासून चालू असलेली. ती काही मिनिटांत सुनेगा या जागी, २२८८ मीटरवर नेते. तिथून पाळण्यात बसून ब्लाउहेर्ड, २५७१ मीटर. वाट इथे सुरू होते आणि फिरून सुनेगाला संपते. तळ्यांचा क्रम असा: श्टेलिझे, ग्रिंजिझे, ग्र्युनझे, मोसयिझे, लाइझे. शेवटचा ‘झे’ म्हणजे तळं.

ब्लाउहेर्डला उतरल्यावर पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश चालावं. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. मुंबईतल्या फुप्फुसांना ते लगेच कळतं. जिना चढल्यासारखा दम लागतो, क्वचित डोकं जड होतं. पाणी प्यावं, गप्पा थोड्या आवरत्या घ्याव्यात. एवढं केलं की पुढची बहुतेक वाट आपण खाली उतरत असतो, त्यामुळे त्रास वाढण्याऐवजी कमी होत जातो.

सोप्या वाटेला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. कष्ट झाले नाहीत तर डोंगर पाहिलाच नाही, असा त्यांचा समज असतो. मला तो पटत नाही. श्वास छातीत मावत नसताना माणूस पुढच्या पावलापलीकडे फारसं काही बघत नाही. पाय निवांत असले की नजर मोकळी होते. या पाच तळ्यांच्या वाटेवर बघण्यासारखं इतकं आहे की मोकळी नजर ही इथली पहिली गरज आहे. पाचही तळी तीन-चार किलोमीटरांच्या परिघात, एकाच खोऱ्यात. तरी एकाचं पाणी दुसऱ्यासारखं दिसत नाही. का दिसत नाही, हे समजत जाणं हाच या चालण्यातला खरा आनंद आहे.

शिवाय सोपी वाट आपोआप सोपी झालेली नसते. १९३३ साली योहान याकोब एस नावाचे एक शिक्षक आपल्या विद्यार्थिनींना घेऊन क्लाउझेन घाटातून पायी चालले होते. मोटारींनी रस्ता व्यापलेला, धूळ आणि भोंगे, मुलींना जीव मुठीत धरून कडेनं चालावं लागलं. पायी चालणाऱ्यांना त्यांच्या हक्काच्या वाटा हव्यात, हे त्यांच्या मनानं घेतलं आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, देशभरच्या पायवाटांसाठी संघटना उभी राहिली. सगळ्या देशात एकाच नमुन्याच्या पिवळ्या पाट्या लावायचं ठरलं. १९७९ साली तर मतदान होऊन पायवाटांची जबाबदारी थेट राज्यघटनेत लिहिली गेली. आज तिथे सुमारे ६५,००० किलोमीटरच्या आखलेल्या पायवाटा आहेत. नुसती पिवळी खूण असेल तर कुणीही चालावं. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, पाय जपून टाकावे लागतील. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर दोर आणि अनुभव नसलेल्यानं मागे फिरावं. आपल्या वाटेवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा आहे. म्हणजे ती सोपी असली तरी चपला घालून चालण्याची नव्हे. पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये देत नाहीत, वेळ देतात. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या चालीनं हिशेब केलेला असतो, त्यात चढ-उताराची भर असते, पण थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. म्हणून पाटीवरचे अडीच तास आपण पाच धरावेत.

ब्लाउहेर्डपासून वीसेक मिनिटांत श्टेलिझे येतं, २५३७ मीटरवर. पाचांतलं हे सर्वांत प्रसिद्ध. मॅटरहॉर्न आणि त्याचं उलटं प्रतिबिंब असं जे चित्र चॉकलेटच्या वेष्टनांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे दिसतं, त्यातली कित्येक चित्रं इथली असतात. त्यासाठी तळ्याला वळसा घालून त्याच्या पूर्वेकडच्या काठावर जावं लागतं. मग तळं मध्ये आणि शिखर समोर, पश्चिमेला, असं दृश्य जुळतं. पहाटेचं ऊन मॅटरहॉर्नच्या पूर्वेकडच्या भिंतीवर सर्वांत आधी पडतं आणि ती गुलाबी होते. ते पाहायचं असेल तर जवळच्या फ्लुआल्प या डोंगरावरच्या निवाऱ्यात रात्री मुक्काम करावा लागतो, कारण पहिला पाळणा येईपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो. वाराही पहाटेच शांत असतो. ऊन तापलं की खोऱ्यातली हवा गरम होऊन उतारांवरून वर चढू लागते आणि पाण्यावर शहारे उठतात. अकराच्या पुढे आलेल्यांना बहुतेक वेळा मोडलेलं प्रतिबिंब दिसतं.

पण उशिरा येणाऱ्यानं निराश होऊ नये. एक युक्ती आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. शिखर इथून हवाई अंतरानं अकरा-बारा किलोमीटरवर आहे आणि आपल्यापेक्षा १९०० मीटरहून जास्त उंच. हिशेब केला तर ते क्षितिजाच्या पातळीपासून साधारण नऊ-दहा अंश वर दिसतं. प्रकाश ज्या कोनात पाण्यावर पडतो त्याच कोनात परततो. म्हणून काठावर उभ्या माणसाला शिखराच्या टोकाचं प्रतिबिंब पाण्यात जिथे दिसतं, ती जागा काठापासून नऊ-दहा मीटर आत असते. तिथे वारा लागतो आणि चित्र फुटतं. आता खाली बसा आणि फोन पाण्यापासून वीतभर उंचीवर धरा. तीच जागा सरकत अलीकडे येते, काठापासून सव्वा-दीड मीटरावर. तिथलं पाणी काठाच्या आणि दगडांच्या आडोशाला असतं, बरंच स्थिर असतं. तळं तेच, वारा तोच, पण शिखर पुन्हा जुळून येतं. छायाचित्रकार काठावर पालथे पडलेले दिसतात ते यासाठी.

प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा काळपट दिसतं, तेही उगाच नाही. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के परत पाठवतं, बाकीचा आत जातो. म्हणून पायाजवळचा तळ स्वच्छ दिसतो. नजर जितकी तिरपी, तितका परतणारा प्रकाश वाढत जातो. मॅटरहॉर्नच्या टोकाकडून येणारा किरण इथे जवळजवळ पाण्याला घासून येतो, तरी त्याचा एक तृतीयांशाहून थोडाच जास्त भाग परततो. उरलेला पाण्यात शिरतो. ज्या तळ्याचा तळ गडद आणि पाणी निवळ, तिथे आत शिरलेला प्रकाश परत वर येऊन चित्र पुसट करत नाही. श्टेलिझेचं पाणी मुख्यतः वितळलेल्या बर्फाचं, गाळ न आणणारं. प्रतिबिंब इतकं स्वच्छ येण्यामागे हे कारण आहे. पाचांपैकी श्टेलिझे, ग्रिंजिझे आणि लाइझे या तीन तळ्यांत मॅटरहॉर्न उतरतो. उरलेल्या दोघांची गोष्ट निराळी आहे.

मॅटरहॉर्नविषयी मात्र थोडक्यात. आल्प्समधली बहुतेक मोठी शिखरं सर होऊन गेल्यावरही हे उरलं होतं. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड विंपर या इंग्रज चित्रकाराच्या तुकडीतली सात माणसं माथ्यावर पोचली. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघं खाली गेली. विंपर आणि झेरमाटचे वाटाडे ताउगवाल्डर बापलेक एवढेच परतले. तुटलेला दोर गावातल्या संग्रहालयात ठेवला आहे आणि तो पाहिल्यावर वर डोंगराकडे बघण्याची दृष्टी बदलते, इतका तो बारीक आहे. दुसरी एक आठवण अलीकडची. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, झेरमाटनं या शिखरावर रात्री प्रकाशझोतांनी निरनिराळ्या देशांचे ध्वज उमटवले. त्यात एका रात्री तिरंगा होता. घरात अडकलेल्या कितीतरी मराठी माणसांनी तो फोनवर पाहिला असेल.

श्टेलिझे सोडून वाट उतरू लागते तेव्हा नजर पायांकडे आणावी. दगड हिरवे आहेत. काही काळपट हिरवे, काही शेवाळी, हात लावला तर किंचित तुळतुळीत, साबणासारखे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळा बसाल्ट, एकावर एक थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर लाव्हा पसरत जाऊन झालेले. इथला हा हिरवा दगड सर्पेंटिनाइट. तो मुळात समुद्राच्या तळाखालचा, पृथ्वीच्या प्रावरणातला खडक. त्यात समुद्राचं पाणी शिरून, रासायनिक क्रिया होऊन तो हिरवा आणि मऊ झाला. याच पट्ट्यात आसपास समुद्राखाली ओतलेल्या बसाल्टचे उशांसारखे गोल गोळेही सापडतात. पाण्यात शिरताच लाव्हा वरून थिजतो आणि गोळे होतात. जमिनीवर असा आकार तयार होत नाही. १६-१७ कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि दक्षिणेकडचा भूखंड यांच्यामध्ये एक समुद्र पसरत होता, त्याचा हा तळ. पुढे दोन्ही बाजू जवळ आल्या, तळ त्या दक्षिणेकडच्या भूखंडाखाली खेचला गेला आणि पार सत्तर-ऐंशी किलोमीटर खोल गेला. तिथल्या दाबाखाली त्या बसाल्टमधून लाल गार्नेट आणि हिरवं खनिज असा नवाच जड खडक झाला, एक्लोगाइट. सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीची ही घटना. आणि मग तोच तुकडा पुन्हा वर आला. इतक्या खोल गेलेला समुद्रतळ वर येऊन माणसाच्या पायाखाली असणं ही पृथ्वीवर दुर्मीळ गोष्ट आहे. झेरमाटचा परिसर भूवैज्ञानिकांना जगभर माहीत आहे तो यासाठी.

समोरच्या मॅटरहॉर्नमध्ये हीच गोष्ट उभी रचलेली आहे. त्याचा पाया समुद्रतळाच्या या खडकांचा. त्यावरचा उभा सुळका मात्र समुद्रापलीकडच्या भूखंडाचा, त्या टकरीत सरकून वर चढलेला. सहलीचे मार्गदर्शक ‘मॅटरहॉर्नचं टोक आफ्रिकेचं आहे’ असं सांगतात. नेमकं सांगायचं तर तो आफ्रिकेलगतच्या ॲड्रिया नावाच्या लहान भूपट्टाचा भाग. पण सांगण्याचा गाभा खरा आहे: जुना भूखंड वर, तरुण समुद्र खाली.

आल्प्समधली ही उलथापालथ ज्यांनी उलगडली त्यांत एमिल आर्गां यांचं नाव फार महत्त्वाचं. मॅटरहॉर्नचा सुळका ज्या खडकांच्या चादरीचा बनलेला आहे, तिचा अभ्यास त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच डोंगरांत हिंडून केला. नंतर १९२२ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या भूवैज्ञानिकांच्या परिषदेत त्यांनी आशियाच्या रचनेवर विवेचन केलं, ते १९२४ मध्ये छापून आलं. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाच्या खाली घुसला आणि त्यानं हिमालय व तिबेट उचलले गेले, ही मांडणी त्यात होती. भूखंड सरकतात हेच तेव्हा बहुतेक जाणकारांना मान्य नव्हतं. लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यात हिंडलेल्या वाचकाला हे हिरवे दगड ओळखीचे वाटतील. तेही अशाच एका मिटलेल्या समुद्राचे अवशेष आहेत. आल्प्सपासून हिमालयापर्यंत पसरलेल्या त्या प्राचीन समुद्राला एदुआर्द झ्यूस यांनी १८९३ मध्ये ‘टेथिस’ हे नाव दिलं.

ग्रिंजिझे २३३४ मीटरवर, लहानसं, गवताच्या काठाचं, आणि त्याच्याभोवती झाडं आहेत. वरच्या उघड्या माळानंतर पहिलीच झाडं, म्हणून ती फार आवडतात. ही लार्चची. सुईसारख्या पानांच्या झाडांत पानं झडणारी झाडं मोजकीच आणि लार्च त्यांतलं. ऑक्टोबरमध्ये ती पिवळी-सोनेरी होतात आणि मग गळतात. ज्याला तारीख निवडता येत असेल त्यानं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पहिले दिवस निवडावेत; फक्त पाळणा केव्हा बंद होतो ते आधी बघून घ्यावं. लार्चच्या जोडीनं इथे आरोला पाइन वाढतो, पानं पाच-पाचच्या जुडग्यात, वाढ अतिशय मंद. त्याच्या बियांना पंख नसतात, वाऱ्यावर त्या उडत नाहीत. त्यांची वाहतूक नटक्रॅकर हा ठिपक्याठिपक्यांचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी करतो. उन्हाळ्याच्या शेवटी तो हजारो बिया जागोजागी पुरून ठेवतो आणि हिवाळ्यात बर्फ उकरून त्यांतल्या बहुतेक बरोबर शोधून काढतो. राहून गेलेल्यांतून झाडं येतात. बिया खातो म्हणून एकेकाळी जंगलवाले त्याला शत्रू समजून मारत. पुढे ध्यानात आलं की डोंगरावर इतक्या उंचावर हे जंगल लावणारा तोच आहे. दगडाच्या फटीतून, माणसाला रोप लावताच येणार नाही अशा जागी आरोला दिसला तर ते त्याचं काम.

ग्रिंजिझेनंतर वाट फिंडेल्नचा ओढा ओलांडून खोऱ्याच्या दुसऱ्या कडेला जाते आणि सगळंच बदलतं. गवत विरळ होतं, दगडगोटे आणि मुरूम सुरू होतो. डावीकडे, खोऱ्याच्या वरच्या अंगाला, फिंडेल्न हिमनदी दिसते. तिच्या खाली दोन्ही बाजूंना वाळू-दगडांचे उंच, धारदार बांध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्फ या बांधांच्या काठापर्यंत भरलेला होता. ते बांध त्या बर्फानंच आणून टाकलेले. तेव्हापासून हिमनदी मैलभराहून जास्त मागे गेली आहे. सरळ एका रेषेत नव्हे. १९८० च्या आसपास काही वर्षं ती पुढेही आली होती. त्यानंतर मात्र माघार थांबलेली नाही. २००४ पासून इथे दरवर्षी बर्फात खांब रोवून आणि बर्फाचे थर खणून किती साचलं, किती गेलं याची नोंद ठेवली जाते. स्वित्झर्लंडच्या सगळ्या हिमनद्यांचा एकत्र हिशेब मांडला तर २०२२ या एका वर्षात त्यांतलं सुमारे सहा टक्के बर्फ गेलं आणि २०२३ मध्ये आणखी चार टक्के. दोन वर्षांत दहा टक्के. हिमनदीकडे पाहून डोळ्यांना ते कळत नाही, कारण जे गेलं ते आपण पाहिलेलं नसतं. बांधांची ती रिकामी उंची पाहावी, म्हणजे अंदाज येतो.

या उघड्या भूमीत ग्र्युनझे आहे, २३०० मीटरवर. पाणी हिरवं, काठ खडकाळ. श्टेलिझेच्या मानानं इथे गर्दी कमी असते आणि मला हे तळं अधिक आवडतं. बर्फ मागे गेल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर जीव कसा परत येतो, याचं इथे उघड्यावर मांडलेलं प्रदर्शन आहे. आधी दगडांवर दगडफूल. होय, आपल्या गोड्या मसाल्यात जातं त्याच प्रकारचं, बुरशी आणि शेवाळ यांच्या जोडीनं बनलेलं. इथल्या ग्नाइस या खडकाच्या गोट्यांवर एका जातीचे पिवळट हिरवे, काळ्या रेघांनी आखलेले डाग दिसतात, नकाशासारखे. ते वर्षाला मिलिमीटरच्या अंशानं वाढतात. रोलांड बेशल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९५० मध्ये त्यांच्या व्यासावरून दगड केव्हा उघडा पडला ते काढण्याची पद्धत मांडली. बांधावरच्या दगडांवर मोठे डाग आणि हिमनदीच्या तोंडाकडे जाता जाता लहान होत जाणारे डाग, असा तो काळाचा माग काढता येतो. दगडफुलामागून मुरमात मुळं धरणारी फुलझाडं, मग जमिनीसरपट विलो, मग लार्चची पहिली रोपं. मार्मोटही इथेच दिसतात. मांजराहून मोठे, जाडजूड, बिळाच्या तोंडाशी उभे. गरुडाची सावली दिसली की त्यांची कर्कश शीळ येते आणि क्षणात सगळे आत. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ते जमिनीखाली झोपून काढतात. त्यांना बिस्किटं देऊ नयेत; हिवाळ्याची चरबी त्यांनी गवत आणि मुळांवरच साठवायची असते.

ग्र्युनझेहून आरोलाच्या रानातून उतरत खोऱ्याच्या तळाशी आलं की मोसयिझे. उंची २१४० मीटर, वाटेतला सर्वांत खालचा टप्पा. या तळ्याचा रंग पाहून लोक थबकतात. निळसर हिरवा, दुधट, जणू पाण्यात रंग कालवलाय. फोटोत तो बनावट वाटतो. त्याचं कारण वर दिसलेल्या हिमनदीत आहे. हिमनदी म्हणजे एक अवाढव्य जातं. तिच्या तळाला अडकलेले दगड खालच्या खडकावर घासत पुढे सरकतात आणि दोघांचंही पीठ होतं. हे पीठ इतकं बारीक असतं की ओढ्याबरोबर वाहत येऊन तळ्यात पडलं तरी दिवसेंदिवस खाली बसत नाही, पाण्यात तरंगत राहतं. पाणी स्वतः तांबडा प्रकाश शोषून घेतं. आत शिरलेल्या प्रकाशातला उरलेला निळा-हिरवा भाग हे कण सगळ्या दिशांना उधळतात आणि तो आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. श्टेलिझेत आत शिरलेला प्रकाश तळाशी हरवत होता, म्हणून तिथे शिखराचं प्रतिबिंब ठळक होतं. इथे तो परत उसळून येतो, म्हणून प्रतिबिंब बुजतं आणि रंग उरतो. एकाच खोऱ्यातल्या दोन तळ्यांत इतका फरक पडतो तो एक बर्फाच्या वितळीवर आणि दुसरं हिमनदीच्या ओढ्यावर जगतं म्हणून. हिवाळ्याच्या तोंडाशी हिमनदीची वितळ थांबते, पीठ येणं बंद होतं आणि असल्या तळ्यांचा रंगही उतरतो.

मोसयिझे माणसानं बांधलेलं आहे. त्याचं पाणी हिवाळ्यात स्कीच्या उतारांवर बर्फ फवारायला वापरतात. हे कळल्यावर काहींचा विरस होतो. मला वाटतं, विरस होण्यासारखं त्यात काही नाही, पण ते माहीत असावं. आल्प्समध्ये पाणी मोकळं सोडलेलं क्वचितच असतं. झेरमाटच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांचं बरंचसं पाणी डोंगरांच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेकडे नेलं जातं, ग्रांद दिक्सांस या धरणात. १९६१ मध्ये पुरं झालेलं, २८५ मीटर उंचीचं हे धरण एखाद्या मोठ्या नदीचं पाणी अडवण्यासाठी बांधलेलं नाही. ३५ हिमनद्यांची वितळ सुमारे १०० किलोमीटरच्या बोगद्यांतून गोळा करून ते भरतात आणि हिवाळ्यात, विजेची मागणी चढते तेव्हा, वापरतात. हिमनद्या आटत चालल्या की सुरुवातीला ओढ्यांना पाणी वाढतं आणि काही दशकांनी कायमचं घटू लागतं. धरणांचे हिशेब करणाऱ्यांपुढे आता हा प्रश्न आहे. आपल्याकडे गंगा आणि सिंधूच्या खोऱ्यांतही तोच येऊ घातलाय, कितीतरी जास्त माणसांसाठी.

इथून वाटेतला एकमेव खरा चढ. नव्वदेक मीटर, वळणावळणानं. दुपारी ऊन पाठीवर येतं, टोपी असावी. जुलै-ऑगस्टमध्ये तिसऱ्या प्रहरी ढग जमून गडगडाट होऊ शकतो, म्हणून दोनच्या आत इथवर पोचलेलं बरं. चढ संपला की लाइझे, २२३२ मीटर. हे मुलांचं तळं. काठावर खेळायच्या जागा, उथळ पाणी, लोक चक्क पोहतात. पाणी गारच असतं, पण हिमनदीच्या ओढ्याशी संबंध नसल्यामुळे उन्हाळ्यात सोसवण्याइतकं तापतं. मॅटरहॉर्न पुन्हा समोर, आता अधिक जवळ. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील आणि पुरी वाट झेपणार नसेल, तर सुनेगाहून थेट इथे यावं. एक छोटी लिफ्टही आहे. पाचांपैकी एकच तळं बघायला मिळालं, तरी दिवस चांगला जातो.

सुनेगा इथून हाकेच्या अंतरावर. पण पायांत बळ असेल तर परतीच्या गाडीत बसण्याऐवजी खाली फिंडेल्न या वस्तीकडे वळावं. उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं आणि धान्याची कोठारं. कोठाराच्या प्रत्येक खांबावर एकेक रुंद, चपटा, गोल दगड आडवा बसवलेला आणि त्यावर वरचं लाकूड. उंदराला दगडाची कड ओलांडून वर चढता येत नाही. ही कोठारं राय या धान्याची. २१०० मीटरच्या आसपास इथे शेती होत असे, युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या शेतांत तिची गणना होते. पर्यटक यायच्या आधी या गावांचं पोट त्या शेतांवर आणि मेंढ्यांवर होतं. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या लोकरीच्या मेंढ्या आजही उन्हाळ्यात या उतारांवर चरताना दिसतात. फिंडेल्नहून रानातली पायवाट झेरमाटला उतरते. गुडघे शाबूत असतील तर तासाभरात गाव येतं. नसतील तर मात्र सुनेगाची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच पाटीवर वाचून ठेवावं, कारण ती संध्याकाळी बरीच लवकर जाते.